टोपॉलॉजीतली ‘जोडी’: उपअवकाशच हवा, की कुठलंही संतत फलन चालेल?

रंकाळाकाठ
आम्ही पाच-सहा जण रविवारी सकाळी रंकाळ्याला फेरी मारून झाली की बैजिक टोपॉलॉजी (आकारांना बीजगणितातले गट जोडून अभ्यासणारी शाखा) वाचायला बसतो. परवा जोडीच्या व्याख्येवरच गाडी अडली. रूढ व्याख्या अशी: क्ष हा अवकाश (बिंदूंचा संच आणि त्यांच्या जवळिकीची रचना, म्हणजे त्याची टोपॉलॉजी), अ हा त्याचा उपअवकाश, अ ची टोपॉलॉजी क्ष कडूनच आलेली, ही झाली जोडी (क्ष, अ). तिच्यापासून (य, ब) कडे जाणाऱ्या संतत (कुठं न तुटणाऱ्या) फलनानं अ ला ब च्या आत न्यावं, एवढीच अट. आयलेनबर्ग आणि स्टीनरॉड यांनी १९४५ मध्ये होमॉलॉजीची (आकारातली भोकं टिपणाऱ्या गटांची) गृहीतकं मांडली ती अशाच जोड्यांवर. एम.एस्सी.ला हीच व्याख्या शिकवावी, असं माझं ठाम मत आहे. चकती आणि तिची कड घ्या. एरवी चकतीला कड असते म्हणून ती चक्र (कड शून्य असलेला तुकडा) होत नाही. पण कड अ मध्येच पडली की सापेक्ष होमॉलॉजीत (अ मधलं सगळं शून्य धरून काढलेल्या होमॉलॉजीत) ती शून्य, आणि अख्खी चकती चक्र ठरते. पोरांना हे डोळ्यांनी दिसतं.

उत्तरेश्वरकर
दादा, मी विरोधात. अ पासून क्ष कडे जाणारं कुठलंही संतत फलन म्हणजे जोडी म्हणा की! वर्तुळ वर्तुळावर दोनदा गुंडाळणारं फलन घ्या. इथं उपअवकाश नाही, तरी दीर्घ यथातथ क्रम (अ, क्ष आणि जोडी यांच्या होमॉलॉजी गटांना जोडणारी साखळी) मिळतो आणि पहिली सापेक्ष होमॉलॉजी दोन घटकांचा गट येते. काल वहीच्या कागदाची पट्टी अर्धा पीळ देऊन चिकटवली आणि कडेवरून पेन्सिल फिरवली. पेन्सिल निघाल्या जागी परत येईतो मधल्या रेषेभोवती दोन फेऱ्या झाल्या. या फलनाचा मॅपिंग सिलिंडर (अ चं नळकांडं करून त्याचं एक टोक फलनानुसार क्ष ला चिकटवून होणारा आकार) म्हणजे हीच मोबियस पट्टी.

रंकाळाकाठ
म्हणजे शेवटी आलात उपअवकाशावरच! पट्टी आणि तिची कड.

विद्यापीठ रोड
दोघांनाही सांगते, खरी चूक ‘अ हा क्ष चा उपसंच’ एवढंच म्हणून थांबण्यात आहे. शून्य ते एक हे अंतराल, शून्य घेतलेलं, एक सोडलेलं, वर्तुळावर गुंडाळा. फलन एकास-एक, संतत, आणि एकही बिंदू सुटत नाही. नुसते बिंदू बघितले तर जोडी (वर्तुळ, वर्तुळ), सगळी सापेक्ष होमॉलॉजी शून्य. पण अंतरालाची स्वतःची टोपॉलॉजी राखली तर ते एका बिंदूपर्यंत आकसतं आणि पहिली सापेक्ष होमॉलॉजी पूर्णांकांचा गट येते. वर्गात टोपॉलॉजीचं हे कलम घाईत उरकतात, याचा मला मनापासून राग आहे.

रंकाळाकाठ
ताई, अगदी मान्य. पण एक्सिजनचं काय? अ च्या अंतर्भागात ज्याचं संवरण (कडेच्या बिंदूंसकट तो तुकडा) मावतं असा तुकडा क्ष आणि अ दोन्हींतून काढला तरी होमॉलॉजी बदलत नाही. नुसतं फलन हातात असताना कापायचं कुठून?

उत्तरेश्वरकर
कापायला लागतच नाही. होमोटॉपी पुशआउटच्या (दोन अवकाश तिसऱ्याच्या नळकांड्यानं जोडण्याच्या) चौकोनात समोरासमोरच्या बाणांची, म्हणजे फलनांची, सापेक्ष होमॉलॉजी सारखीच येते.

रंकाळाकाठ
ते कळायला आधी होमोटॉपी पुशआउट शिकवावा लागेल, भावा. पहिल्या तासाला उपअवकाशच. यथातथ क्रम हातात बसला की मग तुमचं फलन. रविवारी ती पट्टी तेवढी घेऊन या.