सल्ला हवाय: भंगारात असईचं नाव असलेला बिल्ला घावलाय, आता पुढं काय शोधू?

भट्टीवाला_जालना
नमस्कार मंडळी. मी जालन्यात एमआयडीसीला सळईच्या कारखान्यात भंगार यार्डावर असतो, गाव भोकरदन तालुक्यात, असईपासून गाडीवर वीस मिनिटं. तर झालं असं की मागच्या आठवड्यात हैदराबाद साईडचा एक ट्रक खाली झाला, क्रेनच्या चुंबकानं लोखंड उचलून नेलं आणि खाली जो पितळ-ॲल्युमिनियमचा कचरा उरतो ना, त्यात हा बिल्ला. पांढरट धातू, चांदणीसारखा आकार, मधी तुतारीसारखं काहीतरी, वर मुकुट आणि एकदम खाली हत्ती. आणि हत्तीच्या वर इंग्रजीत चक्क आमच्या असईचं नाव!! मी तर येडाच झालो, शाळेत असताना लढाईचं ऐकलेलं पण आमचं नाव बिल्ल्यावर कोण कशाला घालंल? मालकाला विचारलं तर म्हणे ने घरी, पावशेर बी वजन नाही त्याचं.
आता दोन प्रश्न. एक, हे खरं आहे का? दोन, मला ह्या मिलिटरीच्या जुन्या वस्तूंचा नाद लागायलाय असं वाटतंय, तर वीसेक हजारात काय घ्यावं, आणि तुम्हा जुन्या लोकांचं स्वप्न काय असतं, म्हणजे एकच वस्तू मिळणार असंल तर कोणती? फोटो खाली टाकलाय. चमकवून टाकलाय.

नाणीवेडा_बीड
माझं स्वप्न मलिक-ए-मैदान 😄 हसू नका, ती तोफ आपली परंड्याची. १५४९ ला नगरला ओतली, परंड्याच्या किल्ल्यावर होती, १६३२ ला विजापूरला नेली. वजन ५५ टन. आणि गंमत म्हणजे १८५४ ला इंग्रजांनी ती मोडीत काढायला लिलावात ठेवली तर सगळ्यात मोठी बोली आली दीडशे रुपये! एवढ्या कमीत द्यायची नाही म्हणून राहिली, नाहीतर तेव्हाच वितळली असती. भट्टीवाले भौ, त्या काळी तुमचा कारखाना असता तर अवघड होतं.

भट्टीवाला_जालना
दीडशे रुपये 😭 आमचा काटा ५५ टन एकदम घेतो बरं का.

सुभेदार_उमरगा
बाळा, आधी सांग की चमकवून म्हणजे कशानं चमकवला? ते मग बघू.
बिल्ला हायलँड लाइट इन्फंट्रीचा आहे, स्कॉटलंडची पलटण. २३ सप्टेंबर १८०३ ला इंग्रजांचा सेनापती वेलस्ली केळणा आणि जुई नद्यांच्या मधल्या पट्ट्यात शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून गेला, त्यात त्याच्या ७४ व्या हायलँडर पलटणीची गावाजवळच्या तोफांसमोर पार चाळण झाली. शेवटी जिंकले ते, ९८ तोफा घेतल्या, पण मेले-जखमी झाले दीड हजाराच्या वर. कंपनी सरकारनं त्याबद्दल ७४, ७८ आणि १९ लाइट ड्रॅगून्स (घोडदळ) ह्या तिघांना मानाचं एक जास्तीचं निशाण दिलं, आणि हत्ती. पुढं १८८१ ला ७१ वी आणि ७४ वी एकत्र करून ही हायलँड लाइट इन्फंट्री झाली, हत्ती आणि नाव बिल्ल्यावर आलं, १९५९ ला पलटण दुसरीत विलीन झाली तोवर राहिलं. म्हणजे ग्लासगोची पोरं दोन्ही महायुद्धांत डोक्यावर तुमच्या गावाचं नाव घेऊन लढली. आपल्याकडच्या पलटणी पण त्या दिवशी वेलस्लीच्या बाजूनं होत्याच, मद्रास रेजिमेंटच्या चिन्हातला हत्ती पण असईचाच.
खरा की खोटा ते फोटोवरून छातीठोक सांगणार नाही. मागची बाजू दाखव. मागं टोपीत खोचायची उभी पट्टी आहे की दोन कड्या? पट्टी जोडायला झाळीचा डाग कसा दिलाय? हत्तीचा डोळा आणि तुतारीची दोरी धारदार आहे की लोण्यासारखी बसकी? ह्या बिल्ल्यांच्या नव्यानं ठोकलेल्या नकला ढिगानं आहेत, नवीन ठोकलेल्याच्या कडा बोटाला लागतात आणि मागची बाजू खडबडीत नाहीतर दाणेदार असते. पण नकला करणारे विकायला करतात, भंगाराच्या ट्रकात टाकायला नाही, ही एक गोष्ट तुझ्या बाजूनं आहे. सिकंदराबादला गोऱ्यांची मोठी छावणी होती हेही आहेच.

भट्टीवाला_जालना
काका चिंचेनं घासला 🙈 आईनं देवाच्या भांड्यासंगं. मागं उभी पट्टी आहे, वाकलेली.

सुभेदार_उमरगा
अरे देवा. होऊ दे, बिल्ल्याला फार फरक पडत नाही, पण पदक घावलं तर हात लावू नकोस. चिंच नाही, पितांबरी नाही, टूथपेस्ट तर अजिबातच नाही. शंभर वर्षांचा काळपटपणा हीच त्याची किंमत असते आणि घासून घासून कडेवरचं नाव गेलं की उरते ती फक्त धातूची चकती.

परभणीची_अनु
कडेवरच्या नावावरून आठवलं म्हणून लिहितेय, मी काही कलेक्टर नाहीये, पण स्वप्नातली वस्तू म्हणाल तर माझं एकदम ठरलेलं आहे. माझे खापरपणजोबा ११७ मराठा पलटणीत शिपाई होते, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला गेलेले, कुतच्या वेढ्यात अडकले, २९ एप्रिल १९१६ ला तिथली सगळी फौज शरण गेली त्यात हेही कैद, पण परत आले. घरी आता एकच पदक आहे, तांबूस, पंखवाली बाई आहे त्यावर आणि इंद्रधनुष्यासारखी रिबन होती म्हणे. त्याच्या कडेला त्यांचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण सगळं ठोकलेलं आहे. जोडीचं दुसरं चांदीचं होतं, घोडेस्वार असलेलं, ते ८० सालच्या आसपास घरात लग्न निघालं तेव्हा आजोबांनी सोनाराला देऊन टाकलं. कुणाला दोष नाही, तेव्हा चांदीला भाव होता आणि पदकाला काय भाव असतो हे घरात कुणाला माहीतच नव्हतं. मला ते पाहिजे. दुसऱ्या कुणाचं नको, तेच पाहिजे. शक्य आहे का काका?

सुभेदार_उमरगा
अनुताई, खरं सांगायचं तर अवघड आहे. ते ब्रिटिश वॉर मेडल, चांदीचं, ३६ मिलिमीटरचं. १९७९-८० ला चांदी भडकली तेव्हा जगभर ही पदकं पोत्यानं वितळली. पण सगळी नाही. कितीतरी सोनारांच्या तिजोरीत कोपऱ्यात पडून राहिली आणि पुढं व्यापाऱ्यांकडं गेली. तुटलेली जोडी परत जुळवणं हा ह्या छंदातला सगळ्यात मोठा आनंद, बाहेरदेशी माणसं वीस-वीस वर्षं एका नंबरच्या मागं असतात. लिलावांच्या साइटवर पलटणीच्या नावानं अलर्ट लावा, नाव इंग्रजीत तीन-चार स्पेलिंगनं टाका कारण साहेबाच्या कारकुनानं नाव कसं लिहिलंय ते त्यालाच ठाऊक. तुमच्याकडच्या पदकावर जसं आहे तसंच दुसऱ्यावर असेल बहुतेक.
नवीन लोकांसाठी एक, हेच पदक तांब्या-पितळेसारखं दिसणारं पण असतं, ते ब्राँझचं, लेबर कोरच्या मजुरांना दिलेलं. चांदीचं नाही म्हणून लोक टाकून देतात, आणि कमी निघालेलं असल्यानं जाणकार त्याच्याच शोधात असतात.

नाणीवेडा_बीड
काकांच्या ज्ञानाला तोड नाही. भौ तुमच्या वीस हजाराचं सांगतो. तलवार घेऊ नका!! पहिली चूक सगळ्यांची तीच असते, माझी पण. मराठाकालीन धोप म्हणून घेतली, मुठीवर सोन्याचं काम, पात्यावर गंज, आणि नंतर कळलं की गंज ॲसिडचा आहे आणि पातं मोटारीच्या पाट्याचं. आज घरात नारळ फोडायच्या कामाची. विकणारा अजून फोन उचलत नाही. दुसरं महायुद्ध धरा, बर्मा स्टार, १९३९-४५ स्टार वगैरे पदकं. इंग्रज शिपायांना दिलेल्या स्टारवर नाव नसतं, पण आपल्या हिंदी शिपायांच्या स्टारच्या मागं नाव ठोकून दिलेलं असायचं. म्हणजे आपलं ते नावासकट. तेच घ्या. पुण्याचा जुना बाजार बुधवार-रविवार, हैदराबादचा जुमेरात बाजार गुरुवारी, मुंबईला चोरबाजार पण तिथं गिऱ्हाईक बघून भाव सांगतात, जालन्याचा आहे म्हणलं की तिप्पट.

वकील_लातूर
आनंदात विरजण घालतो, माफ करा. १) जमिनीत पुरलेलं काही सापडलं, शेत स्वतःचं असलं तरी, १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे आणि दहा रुपयांच्या वरचं काहीही असलं तर कलेक्टरला कळवायचं असतं. हो, दहाच रुपये, तेव्हाचा कायदा आहे. त्यामुळं असईच्या शिवारात मेटल डिटेक्टर घेऊन फिरायचा विचार असेल तर सोडा. २) शंभर वर्षांच्या वरची वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावशेषात येऊ शकते, ती परदेशी पाठवता येत नाही, म्हणून बाहेरून कुणी जास्त पैसे देतो म्हणाला तरी भुलू नका. ३) जुनी बंदूक दुरुस्त करूनसुद्धा चालणार नाही अशी असेल तरच शस्त्र कायद्यातून सूट, चालणारी असेल तर परवाना. ह्यात आपलं आपण ठरवू नका.

भट्टीवाला_जालना
साहेब चौथं मी सांगतो, यार्डावर कधीमधी तोफेच्या गोळ्याची रिकामी टरफलं येतात भंगारात, आणि न फुटलेला पण येऊ शकतो. आमच्याकडं नियमच आहे, संशय आला की सगळे लांब आणि पोलिसाला फोन. कुणी शोभेला म्हणून घरी नेऊ नका रे बाबांनो.

नळदुर्गचा_पोरगा
माझं स्वप्न निजामाच्या फौजेचं. सगळे इंग्रजांच्या मागं, पण आपल्या मराठवाड्यात जी फौज होती तिच्या वस्तू कुठं गेल्या? १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा सोलापूरकडून आत शिरल्या तेव्हा पहिली मोठी मोक्याची जागा आमच्या नळदुर्गचा बोरी नदीवरचा पूल, तो अख्खाच्या अख्खा हातात आला. १७ तारखेला सगळं संपलं. म्हणजे ती फौजच संपली, बटनं बिल्ले काढून लोक घरी गेले. मला हैदराबाद लान्सर्सचा एक बिल्ला पाहिजे बस. पहिल्या महायुद्धात जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद ह्या तिघांचे घोडेस्वार एकाच ब्रिगेडमध्ये पॅलेस्टाइनला होते, दिल्लीच्या तीन मूर्तीतली एक मूर्ती हैदराबादची आहे. आणि परमवीर तारापोर साहेब, १९६५ च्या युद्धात चविंड्याच्या लढाईत शहीद झाले ते, पूना हॉर्समध्ये यायच्या आधी हैदराबादच्या फौजेतच होते.

अनामिक_नांदेड
निजामाचं काय जमवायचं हो? आमच्या आज्याला रझाकारांनी गाव सोडायला लावलं. घरात असलं काही आणलं तर आजी चुलीत घालंल.

नळदुर्गचा_पोरगा
दादा आमच्या पण घरात जाळपोळ झालेली आहे. रझाकार वेगळे आणि पगारी फौज वेगळी, आणि जमवणं म्हणजे आरती करणं नाही. उलट वस्तू राहिली तर पोरं विचारतील तरी हे काय म्हणून.

अनामिक_नांदेड
पटलं असं नाही म्हणणार. पण आजीला विचारतो, तिच्याकडं त्या टायमाचं काय काय आहे ते.

सुभेदार_उमरगा
नळदुर्गकर, तुम्हाला एक सोपा रस्ता. इंग्रजांची '१९ हैदराबाद रेजिमेंट' शोधा. निजामाकडून पैसा घेऊन इंग्रजांनी पोसलेल्या हैदराबाद कंटिंजंटच्या पलटणी पुढं १९२२ ला ह्या नावाखाली आल्या आणि १९४५ ला नाव बदलून झाली कुमाऊँ रेजिमेंट. त्यामुळं ह्या रेजिमेंटच्या नावाचे बिल्ले फक्त त्या तेवीसेक वर्षांचेच.
आता माझं स्वप्न, कुणी विचारलं नाही तरी सांगतो 😀 आर्मी ऑफ इंडिया मेडल, असईच्या पट्टीचं. ही लढाई झाली १८०३ ला आणि पदक मंजूर झालं १८५१ ला! अठ्ठेचाळीस वर्षांनी, आणि तेही जो तोवर जिवंत असंल आणि मागणी करंल त्यालाच. विशीतला पोरगा सत्तरीला टेकलेला. किती उरले असतील विचार करा. रिबनीवरच्या चांदीच्या पट्टीवर असई लिहिलंय पण स्पेलिंगमध्ये तुझ्या बिल्ल्यापेक्षा एक 'ए' कमी आहे, हे लक्षात ठेव, कारण नकली पट्टी करणारा तिथंच फसतो. माझ्या पेन्शनीत काय ते बसत नाही. एकदा लंडनच्या लिलावाच्या छापील कॅटलॉगात फोटो बघितला, तेच पान कापून फ्रेम केलंय.

भट्टीवाला_जालना
काका तुम्ही या गावाकडं, नदीचा संगम दाखवतो, पिठलं-भाकरी आमच्याकडं.
बिल्ल्याचं सांगतो. काल भिंगातून बघितला, हत्तीचा डोळा दिसायलाय, कडा गुळगुळीत आहेत, पट्टीला डाग एकदम बारीक. आणि पट्टीवर कुणीतरी खिळ्यानं दोन आकडे खरवडलेले दिसायले, बाकीचे चिंचेत गेले असतील नाहीतर नव्हतेच. नाणीवेडा भौ म्हणले तसं नाव असलेला एक स्टार घेतो हळूहळू, घाई नाही. आधी नगरला रणगाड्याचं म्युझियम बघून येतो पोराला घेऊन, डोळा तरी तयार होईल.

सुभेदार_उमरगा
खरवडलेले आकडे म्हणजे शिपायाच्या नंबराचा शेवट असू शकतो, टोप्या बदलू नयेत म्हणून करायचे. पुसू नको आता काहीही. आईला पण सांग.

परभणीची_अनु
भट्टीवाले दादा, एक विनंती. तुमच्याकडं चांदी येत नाही हे कळतंय मला, आणि ते पदक ८० सालीच वितळलं असेल हेही कळतंय. तरी मी पदकावरचा नंबर तुम्हाला खाजगी निरोपात पाठवते. ती निवडणारी पोरं असतात ना, त्यांना दाखवून ठेवाल का?

भट्टीवाला_जालना
आला ताई नंबर. काट्याजवळच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहिलाय, खाली घोडेस्वाराचं चित्र काढलंय, मला घोडा काढता येत नाही तर पोरं म्हणायलीत कुत्रं आहे. सोमवारी परत हैदराबादचा ट्रक आहे.