बी ३०४ च्या काकांचा कॉम्प्युटर आणि रात्रीची बटणं

बी ३०४ काका, सकाळी ८.१०
नमस्कार मंडळी. खजिनदार या नात्याने कळवतो, सोसायटीचे हिशोब ज्या कॉम्प्युटरवर आहेत तो आठवडाभर त्रास देतोय. चालू केला की काळ्या स्क्रीनवर डिस्क चेक करायची आहे म्हणतो, नको असेल तर ८ सेकंदांत कुठलंही बटण दाबा. मी दाबतो. मग विंडोज उघडतं. उद्या परत तेच. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची आहे, कोणी जाणकार आहे का?

ए १०२
काका फॉरमॅट मारा. अर्ध्या तासाचं काम.

बी ३०४ काका
अहो, हिशोब आहेत त्यात!

ए १०२
मग ते विचारणंच बंद करता येतं. चेक-एनटीएफएस म्हणून कमांड आहे, त्यात स्लॅश एक्स आणि सी ड्राइव्ह द्यायचं. परत कधी विचारणार नाही.

ए २०३
🌹 शुभ प्रभात 🌹 आज बी विंगच्या टाकीची सफाई आहे, पाणी भरून ठेवा

सी ५०१
काका, प्लीज यातलं काहीच करू नका. फॉरमॅट तर नकोच. आणि ती कमांड दिलीत तर विचारणं बंद होईल, बिघाड तसाच आत राहील. ड्राइव्हवर विंडोजची एक खूण असते, डर्टी बिट म्हणतात. मागच्या वेळी लिहिता लिहिता काम अर्धवट राहिलं असेल तर ती खूण लागते. तपासणी पूर्ण झाली तरच ती पुसली जाते. तुम्ही रोज बटण दाबून तपासणी टाळताय, म्हणून तो रोज विचारतोय.

बी ३०४ काका
काल एकदा चालू दिलं होतं की. ए १०२ नी संध्याकाळी फोनवर चेकडिस्क या तपासणीच्या कमांडला स्लॅश आर लावायला सांगितलं होतं. ११ टक्क्यांवर दोन तास अडकला. शेवटी वायर काढली.

सी ५०१
अरे देवा. वायर नका काढू काका. स्लॅश आर डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचून बघतो, जुन्या डिस्कवर सहा-आठ तास सहज लागतात. आकडा एका जागी बसला म्हणजे मशीन अडकलंच असं नाही. शिवाय डिस्क खरंच मरायला टेकली असेल तर एवढं वाचून काढण्यातच तिचा जीव जायचा.

ए १०२
मी आपलं मदत म्हणून सांगितलं

सी ५०१
हो दादा, राग नाही. फक्त आधी कॉपी, मग डागडुजी. काका, आज शेवटचं एकदा बटण दाबून तपासणी टाळा आणि विंडोज उघडा. बाकी कशालाही हात लावायच्या आधी हिशोबाचं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. मग पावत्या, ठरावांची पुस्तकं स्कॅन केलेली. मग घरचे फोटो. सिनेमे राहू देत.

बी ३०४ काका, ९.४०
झालं. नातवाच्या बारशाचे फोटोही घेतले. पण आता जीमेल उघडत नाही, सुरक्षित नाही म्हणतं.

सी ५०१
कोपऱ्यातलं घड्याळ बघा, तारीख काय आहे? तारीख चुकली की जीमेल असंच म्हणतं.

बी ३०४ काका
१ जानेवारी २०१७!! रोज सकाळी असंच असतं, मी रोज हाताने सुधारतो. ते वेगळं दुखणं आहे ना?

सी ५०१
मलाही आधी तसंच वाटलं असतं. पण थांबा. आतल्या बोर्डावर नाण्याएवढी बॅटरी असते, सीआर २०३२, तीन व्होल्टची. भिंतीवरचा पुरवठा चालू असेल तर कॉम्प्युटर बंद असतानाही घड्याळ त्याच विजेवर चालतं, बॅटरी वापरलीच जात नाही. तुमची बॅटरी केव्हाच संपली असणार, पण इतके दिवस कळलं नाही. आता आठवडाभरापासून तारीख चुकतेय म्हणजे रात्री भिंतीवरून वीजच मिळत नाहीये. काका, रात्री भिंतीवरच्या बोर्डाचं बटण कोण बंद करतं?

बी ३०४ काकू
मी करते. का?

सी ५०१
कधी करता काकू?

बी ३०४ काकू
हे शटडाऊन करून उठले, स्क्रीन काळी झाली की लगेच. पंखा बंद, दिवा बंद, कॉम्प्युटरचं बटण बंद. गेल्या आठवड्यात सेक्रेटरींचाच मेसेज होता ग्रुपवर, विजा फार पडतायत, सी विंगमध्ये दोघांचे राऊटर गेले, रात्री सगळी बटणं बंद करून झोपा.

सेक्रेटरी
🙏 मेसेज माझाच होता.

सी ५०१
बरोबर होता हो मेसेज, माझाही राऊटर गेलाय. पण काकू, स्क्रीन काळी झाली तरी खालचा डबा अजून काम करत असतो. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार असतो. शटडाऊन म्हटलं तरी तो सगळं नीट मिटत नाही. विंडोजचा मुख्य भाग आहे तसा डिस्कवर लिहून ठेवतो, म्हणजे सकाळी लवकर उघडायला. जुन्या हार्डडिस्कवर त्याला अर्धा-एक मिनिट लागतं. नेमकं त्याच वेळी तुम्ही वीज काढता. म्हणून डर्टी बिट, म्हणून रोज तपासणी.

ए १०२
हे भारी आहे 😂 काकू आरोपी निघाल्या

बी ३०४ काकू
आरोपी सेक्रेटरी.

सी ५०१, ११.०५
आत्ता काकांकडे जाऊन आले. पोहे उत्तम होते काकू. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कर्नल-पॉवरच्या, ४१ नंबरच्या सात नोंदी. आधीच्या वेळी वीज न सांगता गेली असेल तर पुढच्या वेळी चालू होताना विंडोज ही नोंद लिहितं. सातही नोंदी १ जानेवारी २०१७ च्या, घड्याळच तसं! क्रिस्टलडिस्कइन्फो लावून डिस्कची तब्येत पाहिली. ०५ आणि सी५ या ओळी खराब जागा सांगतात, दोन्ही शून्य. सी७ वाढलेली असती तर केबल सैल, तीही शून्य. डिस्क ठीक आहे.

बी ३०४ काका
मग आता?

सी ५०१
रात्री जेवणानंतर चेकडिस्क, फक्त स्लॅश एफ, तो नोंदींतल्या चुका तेवढ्या दुरुस्त करतो. स्लॅश आर नको, गरज नाही. आणि शटडाऊन नाही, रीस्टार्ट करायचं. मध्ये आकडा थांबला तरी हात लावायचा नाही. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप मी बंद करून आलेय, आता शटडाऊन म्हणजे खरंच शटडाऊन. बॅटरी उद्या घड्याळवाल्याकडून घ्या, त्याच्याकडेही हीच मिळते. बसवायला मी येते.

बी ३०४ काका, रात्री १०.३५
पंचवीस मिनिटांत झालं. मध्ये एकदा पाच मिनिटं हलेना, ही माझ्या हातावर हात ठेवून बसली होती. मग आपोआप विंडोज उघडलं. डर्टी बिटची खूण उरली का ते सांगणारी एफएसयुटिल कमांड तू लिहून दिली होतीस ना, ती दिली, 'नॉट डर्टी' आलं.

सी ५०१
🎉 पेनड्राइव्ह मात्र कपाटात ठेवा, रोज त्याच मशीनला लावून ठेवू नका.

ए २०३
टाकी सफाई उद्यावर गेली आहे, भरलेलं पाणी ओतू नका

बी ३०४ काकू, दुसऱ्या दिवशी रात्री ११.०२
कॉम्प्युटरच्या बटणावर लाल टिकली लावली आहे. डब्यावरचा दिवा विझला, पंखा थांबला, मनात पन्नास आकडे मोजले, मग बंद केलं. आता राऊटरचा दिवा काही विझत नाहीये, अर्धा तास उभी आहे. तो तसाच बंद करू का?