मदत हवी आहे : जीईडीच्या गणितासाठी आकडेमोडीचा सराव

नमस्कार मंडळी,

माझी मावसबहीण अमेरिकेत जीईडीची, म्हणजे शाळा अर्धवट राहिलेल्यांसाठीच्या हायस्कूल-समकक्ष परीक्षेची तयारी करतेय. शाळा सुटून बरीच वर्षं झालीत, पण जिद्द दांडगी आहे. गणिताचा पेपर ११५ मिनिटांचा, पास व्हायला १४५ गुण लागतात. सूत्रांचा तक्ता मिळतो, बहुतेक प्रश्नांना कॅल्क्युलेटरही चालतो. पण सुरुवातीचे काही प्रश्न त्याच्याशिवाय सोडवायचे असतात आणि तिथेच ती घाबरते.

पाढे तिचे पक्के आहेत. गाडी अडते ती क्रियांच्या क्रमावर. २० − ८ + ५ याचं उत्तर ती ७ काढते, कारण 'कंचेभागुबेव'मध्ये (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) बेरीज वजाबाकीच्या आधी येते! खरं तर बेरीज-वजाबाकी एकाच दर्जाच्या, डावीकडून उजवीकडे जायचं, म्हणजे १७. गुणाकार-भागाकाराचंही तेच. हे सांगितलं की पटतं, पण घाईत जुनी सवय उसळी मारते. ही सवय मोडायची कशी? शिक्षकांनी कृपया जरूर सांगा.

दुसरं म्हणजे ऋण संख्या. −७ − (−१२) दिसलं की ती थबकते. संख्यारेषा काढली की ५ बरोबर येतं, पण प्रत्येक वेळी रेषा काढत बसायला वेळ कुठला? अपूर्णांकांचा भागाकार मात्र छान जमतो.

रोज अर्धा तास देता येईल. एकाच प्रकारची गणितं सलग घ्यावीत की सगळी मिसळून? मला मिसळूनच बरं वाटतं, पण ती लवकर निराश होते. कुणी मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना शिकवलं असेल तर अनुभव कळवा. मराठीतून समजावणारे सरावसंच असतील तर फारच उत्तम.