शब्दचर्चा: अर्थ, कॉमन, शील्ड आणि ‘टर्मिनेशन केलं’

पत्रकवाला:
अंधेरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी वायरमनच्या हातात द्यायचं मराठी पत्रक लिहितोय. पीएलसीपासून (यंत्रं चालवणारा कंट्रोलर) १४ ड्राइव्हपर्यंत (मोटरचा वेग बदलणारी उपकरणं) आरएस-४८५ (वायरींच्या जोडीवरून डेटा नेणारी लाइन), त्यावर मॉडबस आरटीयू (उपकरणांची आपसात बोलायची पद्धत), वेग ९६०० बॉड. इंग्रजी मूळ मजकुरात अर्थ, ग्राउंड, कॉमन, शील्ड असे चार शब्द येतात. सगळ्यांना ‘भूसंपर्क’ लिहिलं तर चालेल का? आणि ‘नॉइज’ला गोंगाट म्हणू की खरखर?

फेरूल:
नका लिहू. वायरमन ते सगळं एकाच हिरव्या-पिवळ्या वायरीवर नेऊन बसवेल.

‘अर्थ’ म्हणजे पॅनलच्या बॉडीपासून जमिनीतल्या अर्थपिटापर्यंतची वायर, माणूस वाचवणारी. ड्राइव्हच्या फिल्टरचा लीकेज करंट तिच्यातून सतत वाहत असतो, म्हणजे ती शांत नसतेच. ‘कॉमन’ म्हणजे ट्रान्सीव्हर चिपचं (लाइनवर डेटा पाठवणारी आणि वाचणारी चिप) शून्य व्होल्ट. चिप दोन डेटा वायरींमधला फरक वाचते, म्हणून दोनच वायरी पुरतात असं बरेच जण धरून चालतात. पण त्या दोन्ही वायरी चिपच्या स्वतःच्या कॉमनपासून -७ ते +१२ व्होल्टच्या आत राहाव्या लागतात. दोनशे मीटर अंतरावरच्या दोन पॅनलांचे अर्थ एका पातळीवर नसतात, आणि मध्ये वेल्डिंग सुरू झालं की बघायलाच नको. म्हणून कॉमनची तिसरी वायर. मॉडबसच्या सीरियल लाइनच्या नियमांत ती सक्तीची आहे, आणि कॉमन अर्थला जोडायचा तो शक्यतो अख्ख्या बसमध्ये एकाच ठिकाणी.

‘ग्राउंड’ हा शब्द पत्रकातून काढूनच टाका. त्याचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीने लावतो.

शब्दखूळ:
‘भूसंपर्क’ व्याकरणाने बरा, पण कॉमनला लावला तर खोटा ठरतो. आयसोलेटेड (विजेने वेगळा ठेवलेल्या) पोर्टचा कॉमन त्या ठिकाणी जमिनीला टेकलेला नसतोच. शील्डला (केबलीतल्या वायरींभोवतीचं धातूचं आवरण) मात्र ‘जाळी’ म्हणा की, सगळे म्हणतात.

फेरूल:
फॉइलच्या केबलीत जाळी नसते, फॉइलला चिकटून एक उघडी ड्रेन वायर असते. तेव्हा ‘शील्ड’च बरा. पण जाळी असेल तिथे एक अस्सल शब्द पत्रकात हवाच: ‘शेपूट’. जाळी पिळून, टोकाला लग (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) मारून, दहा सेंटिमीटरचं शेपूट अर्थबारला लावायची सवय असते. अशा वायरीचं इंडक्टन्स मिलिमीटरला साधारण १ नॅनोहेन्री. दहा सेंटिमीटरला १०० झालं, म्हणजे १० मेगाहर्ट्झला ६ ओहमच्या वर. मीटरवर कंटिन्युइटी छान वाजते, पण ड्राइव्हच्या स्विचिंगच्या कडांना (व्होल्टेजच्या झटपट उड्यांना) ती वाट अडूनच असते. त्यापेक्षा बाहेरचं आवरण १५-२० मिलिमीटर सोलायचं, जाळी पसरलेलीच ठेवायची, माउंटिंग प्लेटचा रंग खरवडायचा आणि मेटल क्लॅम्पने जाळी चहूबाजूंनी प्लेटवर दाबायची.

शील्ड एका टोकाला की दोन्ही? ड्राइव्ह असतील तर दोन्ही, पण पॅनलं एकमेकांना जाड अर्थपट्टीने जोडलेली असतील तरच. नाहीतर ५० हर्ट्झचा करंट शील्डमधून फिरत बसतो. पट्टी नसेल तर पीएलसीकडे थेट आणि दुसरीकडे १० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून.

जुनी_लोहारचाळ:
अहो, सगळ्यात घातक शब्द राहिला: ‘टर्मिनेशन’. पॅनलवाल्यांच्या बोलीत टर्मिनेशन म्हणजे फेरूल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची नळी) मारून वायर टर्मिनलमध्ये कसणं. “टर्मिनेशन झालं का?” “झालं साहेब.” दोघंही खरं बोलतात, आणि साहेबाला अभिप्रेत असलेला, लाइनीच्या टोकाला लावायचा १२० ओहमचा रेझिस्टर पिशवीतच राहतो. ‘टोकाचा रेझिस्टर’ लिहा. दोनच लावायचे, केबलीच्या दोन्ही टोकांना. तपासायला सप्लाय बंद करून दोन डेटा वायरींमध्ये ओहम मोजायचे. ५५ ते ७० आले तर ठीक. १२० च्या जवळ असेल तर एक रेझिस्टर नाही. ४० आले तर मधल्या एखाद्या ड्राइव्हचा डिप स्विच (त्याच्या आतला टोकाचा रेझिस्टर जोडणारा छोटा स्विच) चालू राहिलाय.

तसंच ‘लूप’. “एकातून दुसऱ्यात लूप मारत जा” हे बरोबर. पण ते ऐकून कुणी शेवटच्या ड्राइव्हवरून परत पीएलसीला आणतं. मग टोकच उरत नाही, रेझिस्टर लावणार कुठे?

पत्रकवाला:
आणि ए-बी, म्हणजे दोन डेटा वायरींची नावं? दोन मॅन्युअलांत उलटं लिहिलंय.

फेरूल:
उलटंच असतं. मूळ मानकात लाइन रिकामी असताना (कुणी डेटा पाठवत नसताना) बी हा ए पेक्षा धन असतो. बऱ्याच चिपवाल्यांनी अक्षरं उलटी छापली. मॉडबसमध्ये डी० आणि डी१ आहे, तेच घ्या: रिकाम्या लाइनीवर डी१ धन. मीटरवर २०० मिलिव्होल्टपेक्षा जास्त दिसायला हवं. त्यासाठी एकाच ठिकाणी, पीएलसीकडे, ५६० ओहमचे दोन बायस रेझिस्टर (रिकामी लाइन ठरलेल्या पातळीवर धरणारे) लावा: डी१ वरून ५ व्होल्टला, डी० वरून कॉमनला. दोन्ही टोकांचे रेझिस्टर धरून हिशोब २५० मिलिव्होल्टच्या आसपास येतो.

शब्दखूळ:
नॉइज राहिलाच. खरखर रेडिओची, गोंगाट दादरच्या बाजारातला. इथे कानाला काहीच येत नाही, सीआरसी (संदेशाच्या शेवटचा तपासणीचा आकडा) चुकतो एवढंच.

जुनी_लोहारचाळ:
‘नॉइज’च राहू द्या, पण ‘नॉइज आला’ असं लिहू नका. पाऊस आला तसं वाटतं, कुणाची जबाबदारीच नाही. कोण करतो ते लिहा. एसी कॉन्टॅक्टरच्या (कॉइलवर चालणारा मोठा स्विच) कॉइलवर ०.१ मायक्रोफॅरड आणि १०० ओहमचा स्नबर, म्हणजे झटका शोषणारी जोडी (कपॅसिटर थेट मेन्सवर चालणाऱ्या एक्स२ जातीचाच), डीसी कॉइलवर उलटा डायोड. डेटाची केबल मोटरच्या केबलीपासून किमान ३० सेंटिमीटर लांब, ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

पत्रकवाला:
असं लिहिलंय: “सप्लाय बंद करून डी० आणि डी१ मध्ये ओहम मोजा.” ठीक?

जुनी_लोहारचाळ:
“पीएलसी आणि सगळ्या ड्राइव्हचा सप्लाय बंद करून” लिहा. नुसत्या ‘सप्लाय बंद’वर पीएलसी तेवढी बंद होते, आणि मग मीटर वाटेल तो आकडा दाखवतो. ड्राइव्हचं झाकण उघडायच्या आधी मॅन्युअलात दिलेली मिनिटं थांबा, हेही त्याच ओळीत. आतले कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत.