मराठवाड्यात सिनेमा रुजवायचा तर वाट कोणती: नायजेरियाची की कोरियाची?

गोदाकाठ:
मराठवाड्यात आधी चित्रनगरी हवी, हे म्हणणं मला पटत नाही. नायजेरियात १९८६ नंतर नायरा, म्हणजे तिथलं चलन, घसरला, डॉलरमध्ये येणारी कच्ची फिल्म परवडेना, थिएटरं ओस पडली. १९९२ मध्ये 'लिव्हिंग इन बाँडेज' हा तिथल्या इग्बो भाषेतला सिनेमा व्हिडिओवर काढून थेट कॅसेटवर विकला गेला. पैसा व्यापाऱ्याचा. स्टुडिओ नाही, अनुदान नाही. पुढं वर्षाला शेकड्यांनी सिनेमे निघू लागले. आपल्या बोलीतले स्वस्त सिनेमे आधी निघू द्या, स्टुडिओ मागून येतील.

बालाघाट:
निम्मीच गोष्ट सांगितलीत. कॅसेटची नक्कल करायला दुसरी कॅसेट पुरते. लागोसच्या अलाबा बाजारात चोरीच्या प्रती आल्या की विक्री बसायची, म्हणून चित्रीकरण आठवड्या-दोन आठवड्यांत उरकायचं. आज तर कॅसेटही नाही. हिशोब बघा: कर वजा जाता १०० रुपये उरणाऱ्या तिकिटातले पहिल्या आठवड्यात साधारण ५० निर्मात्याकडं येतात, पुढं कमीच. सरासरी ४५ धरा. १ कोटी वसूल व्हायला सव्वादोन लाख तिकिटं खपली पाहिजेत, जाहिरात वेगळी. सरकारनं पाठीशी राहिलंच पाहिजे. दक्षिण कोरियानं देशी सिनेमासाठी वर्षाला १४६ दिवस पडदा राखला होता. २००६ मध्ये ते ७३ वर आणले, तेही उद्योग उभा राहिल्यावर.

गोदाकाठ:
त्याच कोरियात एकेकाळी परदेशी सिनेमा आणायचा परवाना देशी सिनेमा काढणाऱ्याला मिळायचा, तर लोकांनी परवान्यापुरते सिनेमे काढले! आपल्या राज्याचं मराठी सिनेमाचं अनुदान त्याच जातीचं: 'अ' दर्जाला ४० लाख, 'ब' दर्जाला ३० लाख, आणि तेही सिनेमा पुरा होऊन समितीनं बघितल्यावर. तोवरचं व्याज निर्मात्याच्या डोक्यावर. राज्याचीच १९७५ ची करमणूक कर परत देणारी योजना जास्त शहाणी होती, कारण परतावा तिकीटबारीवरून ठरायचा.

तिसरी घंटा:
तिकीटबारी आहे कुठं, ते आधी सांगा. आजच्या बुर्किना फासोनं १९७० मध्ये थिएटरं ताब्यात घेतली आणि तिकिटावरच्या करातून सिनेमाला निधी दिला. आपल्याकडं तालुक्याचं थिएटर बंद असलं तरी नगरपालिकेचं नाट्यगृह कुठं कुठं आहे. पडदा ३० फूट रुंद असेल तर त्यावर जवळपास ७,००० ल्युमेन (उजेडाचं माप) उजेड पडायला हवा. ऑफिसातला ३-४ हजार ल्युमेनचा प्रोजेक्टर लावला की रात्रीचे प्रसंग नुसते काळे दिसतात. मागच्या भिंतीला जाड पडदे लावा, नाहीतर संवाद घुमतात. डीसीपी म्हणजे थिएटरला येणारी सिनेमाची कुलूपबंद डिजिटल प्रत. तिची डिजिटल चावी ज्या सर्व्हरसाठी (प्रत चालवणाऱ्या यंत्रासाठी) काढली त्याच सर्व्हरवर आणि ठरल्या वेळेतच चालते. आयत्या वेळी सर्व्हर बदलला की खेळ रद्द. चावी दोन दिवस आधी चढवून बघायची.

बालाघाट:
नाट्यगृह सलग आठवडा मिळतं का? शुक्रवारी लागून रविवारी उतरला, तर गावात चर्चा व्हायच्या आत सिनेमा गेला. आणि मराठीसाठी पडदा राखायचा तर तो कोटा संध्याकाळच्या खेळांचा हवा. सकाळी ९ चा खेळ दिला तर शेतावर आणि कामावर जाणारा माणूस येणार कसा?

तिसरी घंटा:
शुक्रवार ते गुरुवार, रोज संध्याकाळचा एक खेळ, असा करार करा. तिकीट ८० रुपये. १०० रुपयांपर्यंत जीएसटी आता ५ टक्के आहे. ४०० खुर्च्या निम्म्या भरल्या तर ७ खेळांत १,४०० तिकिटं. अशी २० ठिकाणं धरली तर आठवड्यात २८,०००. निम्मा वाटा म्हणजे साडेदहा लाख निर्मात्याकडं. १ कोटीच्या सिनेमाला हे पुरणार नाही, १० लाखांच्या सिनेमाला पुरेल.

बालाघाट:
मग करारात दिवाळीचा आणि उन्हाळी सुटीचा आठवडा मराठीसाठी आधीच लिहून घ्या. तो एकदा मोठ्या हिंदी सिनेमाला गेला, की मराठीला परीक्षेचे दिवस उरतात.