आईच्या हातात तलवार: येरेवानचा मायर हायास्तान पुतळा

भटकी_मंजिरी:
कालच्या धाग्यावर एकाने लिहिलं, "आर्मेनियाच्या राजधानीतली, येरेवानची मदर आर्मेनिया (मायर हायास्तान) म्हणजे सोव्हिएत काळातली धातूची बाई, तिच्यात आईपण शोधू नका." राहवलं नाही म्हणून लिहितेय. 1915 च्या नरसंहारात ऑटोमन तुर्कस्तानातल्या आर्मेनियनांची गावंच्या गावं संपली. हाताशी लागली ती पोरं घेऊन बायका सीरियाच्या वाळवंटाकडे हाकलल्या गेल्या. अशा समाजाची आई पाळणा हलवताना दाखवायची का? तलवार आडवी धरलीय तिने, उगारलेली नाही. ढाल पायाशी आहे. नीट बघा तरी.

अभय_न:
ते लिहिणारा मीच. जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत असाच आईचा पुतळा आहे, कार्तलिस देदा, 1958 चा. तिच्या एका हातात तलवार, पण दुसऱ्यात पाहुण्यासाठी वाइनचा वाडगा. रशियातल्या व्होल्गोग्राडची तलवारवाली आई मात्र 1967 ची, आणि येरेवानचीही 1967 चीच. साचा कुठला ते उघड आहे. शिवाय चौथरा स्टालिनचा! 1950 ला त्याचा पुतळा बसवला, 1962 ला उतरवला, रिकाम्या जागी हिला चढवली.

विटांचा_माणूस:
चौथऱ्याबद्दल बोलताना जपून. तो वास्तुकार राफायेल इस्रायेल्यानचा. आत जाऊन बघा, सातव्या शतकातल्या आर्मेनियन हृप्सिमे चर्चची आठवण होते. वर स्टालिन उभा असताना त्याच्या पायाखाली या माणसाने आर्मेनियन देवळाचा घाट बांधला. शिल्पकार आरा हारुत्युन्यानच्या 22 मीटरच्या पुतळ्यापेक्षा मला तेच मोठं वाटतं.

अभय_न:
आणि त्याच चौथऱ्यात आता युद्धाचं संग्रहालय आहे. देवळात युद्धाचं संग्रहालय? वा रे वारसा!

विटांचा_माणूस:
संग्रहालय इस्रायेल्यानने थाटलं का? बांधणारा वेगळा, वापरणारा वेगळा. एवढंही कळत नसेल तर बोलणं खुंटलं.

लेकीची_आई:
माझी मुलगी तिथे एमबीबीएस करतेय. इथल्या खासगी कॉलेजांच्या फीने घर विकायची पाळी आणली होती, त्यावर कुणी धागा काढत नाही. असो. तिच्या घरमालकीणबाईंचा मुलगा अझरबैजानशी झालेल्या 2020 च्या युद्धात गेला. त्या येराब्लूरच्या लष्करी दफनभूमीत जातात, पण हा पुतळा आहे त्या विजय उद्यानात पाऊल टाकत नाहीत. "तिला तलवार दिली, माझा मुलगा घेतला," म्हणतात.

भटकी_मंजिरी:
ताई, यावर मी काय बोलू? पण 2020 चं दुःख 1967 च्या शिल्पकाराच्या माथी मारता येत नाही.

लेकीची_आई:
माथी कुणाच्या मारतेय? आईपणाचा पुतळा म्हणताय ना, मग एका आईला काय वाटतं तेही ऐका.

अभय_न:
चौथऱ्याचं मान्य, फोटो शोधून पाहिले. पुतळ्याचं अजिबात नाही.