शब्दचर्चा : गॅसलाइट करणे

हल्ली रील्समध्ये, मालिकांच्या संवादांत आणि आता घरच्या भांडणांतही 'तू मला गॅसलाइट करतोयस' हे वाक्य सर्रास कानावर येतं. नुसतं 'खोटं बोलणे' एवढाच अर्थ आहे का? मराठीत चपखल शब्द कोणता?

— खोटं बोलण्याच्या पुढची पायरी आहे ही. शब्द आला रंगभूमीवरून. पॅट्रिक हॅमिल्टन यांचं 'गॅस लाइट' हे नाटक १९३८चं. १९४४ साली हॉलिवूडने त्यावर काढलेल्या सिनेमासाठी इन्ग्रिड बर्गमनला ऑस्कर मिळालं. नवरा चोरून माळ्यावर जातो, दागिने शोधायला तिथला गॅसचा दिवा लावतो. त्यामुळे गॅस कमी पडून खाली बायकोच्या खोलीतला दिवा मंद होतो. वर पावलंही वाजतात. तिला हे सगळं कळतं, आणि तो मात्र सांगत राहतो, 'तुला भास होतात.' हळूहळू तिलाही तसंच वाटू लागतं. समोरच्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडवणं, हा खरा अर्थ.

— मग 'डोळ्यांत धूळ फेकणे' म्हणता येईल की.

— नाही पटत. धूळ फेकली की दिसेनासं होतं. इथे तर स्वच्छ दिसलेलं असतं, पण 'ते तू पाहिलंच नाहीस' असं गळी उतरवलं जातं. माझं मत 'वेड्यात काढणे'ला. मात्र त्याला थट्टेचीही छटा आहे, मित्र मित्राला सहज वेड्यात काढतो. (आपल्याकडे वेड पांघरून पेडगावला जातात, इथे ते दुसऱ्याच्या अंगावर पांघरायचं!)

— 'बुद्धिभेद' कसा वाटतो? गीतेत 'न बुद्धिभेदं जनयेत्' आहेच.

— अर्थ जवळचा आहे, पण आज तो शब्द भाषणांत आणि अग्रलेखांत राहतो. 'अहो, तुम्ही माझा बुद्धिभेद करताय' असं म्हटल्यावर भांडण पुढे कसं जाणार?

— माझी तक्रार वेगळी आहे. मेरियम-वेबस्टर या अमेरिकी शब्दकोशाने २०२२ साली 'गॅसलाइटिंग' हा वर्षाचा शब्द ठरवला. आता कोणी निरोप द्यायला विसरला तरी तो गॅसलाइट करतो म्हणे! विसरणं, मतभेद, थाप या सगळ्यांना एकच लेबल. मिनिटभराच्या व्हिडिओत नात्यांचं निदान करायची सवय लागली की असंच होणार. ज्याला खरोखर असा छळ सोसावा लागतो, त्याचं म्हणणंही मग कोणी मनावर घेत नाही.

— सहमत. जाता जाता : 'पापाराझी' (नामवंतांचा पाठलाग करून फोटो काढणारे) हा शब्दही सिनेमातूनच आलाय ना?

— हो, इटालियन दिग्दर्शक फेलिनीच्या १९६०च्या 'ला दोल्चे विता'मधून. त्यातल्या छायाचित्रकाराचं नाव पापाराझो, इटालियनमध्ये त्याचं अनेकवचन पापाराझी.

— म्हणजे 'एक पापाराझी आला' हे चूक?

— इटालियनमध्ये चूक. मराठीत खुशाल म्हणा, 'डेटा'ही मुळात अनेकवचन, पण आपण तो एकवचनीच वापरतो.